नऊ एकांचे नवल

एक हा अंक दिसावयास अगदी साधा. परंतु तोच नऊ वेळा ओळीने लिहून होणाऱ्या १११११११११ या संख्येस तिनेच गुणले, तर गुणाकार १२३४५६७८९८७६५४३२१ येतो. अंक एकेक पायरीने नऊपर्यंत चढतात आणि तसेच एकपर्यंत उतरतात.

हे कसे घडते? १११ ला १११ ने गुणताना १११ हीच संख्या तीन वेळा मांडावी लागते. मात्र प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकते. उभ्या रांगांत अनुक्रमे एक, दोन, तीन, दोन, एक इतके एक जमतात. म्हणून उत्तर १२३२१. नऊ एकांच्या गुणाकारात मधल्या रांगेत नऊ एक येतात. दहा एक घेतले, की त्या रांगेची बेरीज दहा होते, हातचा येतो व चढण मोडते. मग उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१.

अशा संख्यांचा छंद दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांना होता. त्यांचा जन्म १९०५ साली डहाणू येथे झाला. १९२९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन ते देवळालीच्या शाळेत शिक्षक झाले. वरील संख्येच्या कुळास त्यांनी मुंबईजवळच्या एका रेल्वे स्थानकावरून ‘डेम्लो’ हे नाव दिले.

ज्या संख्येस तिच्याच अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो, तिला त्यांनी ‘हर्षद’, म्हणजे आनंद देणारी, म्हटले. १२ ही हर्षद होय. कारण १ व २ यांची बेरीज ३, आणि ३ ने १२ ला भाग जातो. आपल्या सतरा अंकी संख्येतील अंकांची बेरीज ८१ होते. १११११११११ ला ९ ने भागल्यास १२३४५६७९ येतात. म्हणून तिच्या वर्गास ९ गुणिले ९, म्हणजे ८१ ने, भाग गेलाच पाहिजे. एवढी मोठी संख्याही हर्षदच ठरली!

कापरेकरांजवळ पदवीपलीकडे मोठी उपाधी नव्हती. काही विद्वानांना त्यांचे काम क्षुल्लक वाटले. तरी त्यांनी शोध सोडला नाही. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ या मासिकात त्यांच्याविषयी लिहिले, आणि देवळालीच्या शिक्षकाचे नाव जगभर पोहोचले. १९८६ साली ते निवर्तले. ६१७४ ही संख्या आजही ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणून ओळखली जाते.

रत्नागिरी जिल्ह्यातील पोफळी येथे कोयनेच्या पाण्यापासून वीज निर्माण करण्यास डोंगर पोखरून प्रचंड यंत्रे बसवावी लागली. संख्येतील नवल शोधावयास मात्र पोफळीच्या मुलालाही पाटी आणि पेन्सिल पुरे. जोडीला चिकाटी हवी.

स्वाध्याय

१. दहा एक घेतल्यावर अंकांची चढण का मोडते?
२. १११११ चा वर्ग उभ्या रांगा मांडून काढा.
३. १२१ व १२३२१ यांपैकी हर्षद संख्या कोणती? कारण लिहा.
४. कापरेकरांच्या अंगचा कोणता गुण तुम्हांस घेण्यासारखा वाटतो?