राष्ट्रपतिपद आणि राजकीय अनुभव

राष्ट्रपतिपदाच्या उमेदवाराच्या पात्रतेबाबत आपले संविधान फार थोडे बोलते. उमेदवार भारताचा नागरिक असावा, त्याने वयाची ३५ वर्षे पूर्ण केलेली असावीत, लोकसभेवर निवडून येण्यास तो पात्र असावा आणि त्याने शासनाचे लाभाचे पद धारण केलेले नसावे, एवढ्याच अटी अनुच्छेद ५८ मध्ये आहेत. पूर्वी कोठल्याही सभागृहात वा मंत्रिमंडळात काम केलेले असावे, अशी अट नाही. तो विचार संसदेच्या व विधानसभांच्या निर्वाचित सदस्यांनी मतदान करताना करावयाचा आहे.

राष्ट्रपतींनी मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानुसारच वागावयाचे, मग अनुभव हवा कशाला, असे नागरिकशास्त्राच्या तासाला एखादा चुणचुणीत विद्यार्थी हमखास विचारतो. प्रश्न रास्त आहे. परंतु १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने मंत्रिमंडळाचा सल्ला एकदा फेरविचारार्थ परत पाठविण्याचा अधिकार राष्ट्रपतींना दिला. तो केव्हा वापरावा, हे मात्र कोणत्याही कलमात सांगितलेले नाही.

डॉ. राधाकृष्णन आणि डॉ. झाकीर हुसेन यांचा उल्लेख आपण अभिमानाने ‘शिक्षक राष्ट्रपती’ असा करतो. पण पहिले मॉस्कोत राजदूत व पुढे दहा वर्षे उपराष्ट्रपती होते. दुसऱ्यांनी बिहारचे राज्यपालपद व उपराष्ट्रपतिपद सांभाळले होते. राजकीय पदाचा अनुभव नसताना थेट राष्ट्रपती झाले ते २००२ साली डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम. प्रशासन त्यांना नवे नव्हते, राजकारण होते.

हा फरक २००५ साली प्रत्ययास आला. त्या वर्षीच्या निवडणुकीत बिहारमध्ये कोणत्याच पक्षास बहुमत मिळाले नव्हते. २२ मे रोजी रात्री उशिरा केंद्रीय मंत्रिमंडळाने विधानसभा विसर्जित करण्याची शिफारस केली, आणि मॉस्कोच्या दौऱ्यावर असलेल्या राष्ट्रपतींनी फॅक्सने आलेल्या कागदपत्रांवर स्वाक्षरी केली. सर्वोच्च न्यायालयाने पुढे हे विसर्जन घटनाबाह्य ठरविले. या प्रकरणानंतर आपण राजीनाम्याचा विचार केला होता, असे कलामांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. याउलट, १९९७ साली उत्तर प्रदेशात आणि १९९८ साली बिहारमध्ये राष्ट्रपती राजवट लागू करण्याची शिफारस राष्ट्रपती के. आर. नारायणन यांनी परत पाठविली होती. पहिल्या वेळी केंद्रात गुजराल यांचे सरकार होते, दुसऱ्या वेळी वाजपेयी यांचे. नारायणन तीन वेळा लोकसभेवर निवडून आले होते, राज्यमंत्री व उपराष्ट्रपती राहिले होते. अशा शिफारशींमागे कोणती घाई असते, हे त्यांनी जवळून पाहिले होते.

म्हणून अनुभवी माणूसच निवडावा, असे म्हणावे काय? इतके सोपे नाही. फक्रुद्दीन अली अहमद यांच्याइतका दीर्घ अनुभव फार थोड्यांपाशी होता. ते आसामात व केंद्रात मंत्री होते. तरीही २५ जून १९७५ च्या रात्री पंतप्रधानांच्या पत्रावरून त्यांनी आणीबाणीच्या उद्घोषणेवर स्वाक्षरी केली. मंत्रिमंडळाची बैठक दुसऱ्या दिवशी सकाळी झाली. मंत्रिमंडळाने निर्णय घेतला आहे काय, एवढे विचारण्यास तरी घटनादुरुस्तीची गरज नव्हती. प्रस्तुत लेखकास वाटते की, पक्षात घालविलेली वर्षे कधीकधी मनुष्याला प्रश्न न विचारण्याचीच सवय लावतात. उलट, अननुभवी म्हटल्या गेलेल्या कलामांनीच २००६ साली लाभाच्या पदांविषयीचे विधेयक संसदेकडे फेरविचारार्थ परत पाठविले. संसदेने ते पुन्हा जसेच्या तसे संमत केले आणि त्यांनी नियमानुसार संमती दिली.

पंचायत सदस्यांना आणखी एक उदाहरण जवळचे वाटेल. श्रीमती द्रौपदी मुर्मू १९९७ साली ओडिशातील रायरंगपूर नगर पंचायतीच्या नगरसेविका झाल्या. पुढे आमदार, राज्यमंत्री आणि झारखंडच्या राज्यपाल झाल्या. झारखंडमध्ये आदिवासींच्या जमिनीसंबंधीच्या कायद्यांत बदल करणारी विधेयके विधानसभेने संमत केली होती. ती राज्यात त्यांच्याच पूर्वीच्या पक्षाचे सरकार असताना, २०१७ साली त्यांनी परत पाठविली. राष्ट्रपतिपदावर त्या निवडून आल्या २०२२ साली.