सिबिल बिघडलंय, तरी शहरात खोली मिळेल का?



बारावी झाली की लेक नर्सिंगला पुण्या-नाशिकला जाते. कुणी नवऱ्याबरोबर चाकणला कामाला जातं. तिथं पहिली गरज खोलीची. मग बैठकीत हळूच प्रश्न येतो, "ताई, मायक्रोफायनान्सचे हप्ते थकले होते, सिबिल खराब आहे. आम्हाला खोली कोण देणार?" आजचा धडा याच प्रश्नावर आहे.

१. सिबिल कोण बघतं?
आपण कर्ज कसं फेडलं याची नोंद बँका आणि फायनान्स कंपन्या पतमाहिती कंपन्यांकडे पाठवतात. सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हायमार्क अशा चार कंपन्या आहेत. त्या ३०० ते ९०० यांमध्ये गुण देतात. साध्या घरमालकाला तुमचा अहवाल परस्पर काढता येत नाही. खोल्या देणारी एखादी कंपनी पॅन नंबर आणि ओटीपी मागू शकते. कशासाठी हवा ते विचारल्याशिवाय ओटीपी देऊ नका.

म्हणजे खराब सिबिलमुळे कर्ज अडतं, खोली अडेलच असं नाही.

२. घरमालकाला काय हवं असतं?
भाडं वेळेवर येईल का आणि मुदत संपल्यावर खोली रिकामी होईल का, एवढीच त्याला काळजी असते. ती कागदांनी दूर करा:
- आधार कार्ड, कामाचा किंवा कॉलेज प्रवेशाचा दाखला
- बँक पासबुकाची मागच्या सहा महिन्यांची पानं
- आधी भाड्याने राहिला असाल तर तिथल्या भाड्याच्या पावत्या
- गटाचं किंवा ग्रामसंघाचं पत्र: किती वर्षं सभासद, बचत नियमित आहे का, अंतर्गत कर्जाची परतफेड कशी आहे

पत्रात रजिस्टरला जे आहे तेवढंच लिहा. हे ओळखीचं पत्र आहे, हमीपत्र नव्हे. "भाडं थकलं तर गट भरेल" असं वाक्य त्यात नको, नाहीतर एकीचं देणं सगळ्यांच्या गळ्यात येईल.

३. अनामत रकमेसाठी सावकार नको
खरी अडचण इथंच होते. समजा भाडं ६,००० रुपये आणि तीन महिन्यांची अनामत १८,००० रुपये आहे. सावकाराकडून महिना शेकडा पाचने घेतले तर व्याज महिन्याला ९००, अकरा महिन्यांत ९,९०० रुपये, आणि मुद्दल तसंच उभं! गटातून शेकडा एकने घेतले तर पहिल्या महिन्याचं व्याज १८० रुपये, आणि मुद्दल फिटेल तसं तेही कमी होतं.

त्याआधी मालकाशी बोला. अनामत दोन हप्त्यांत चालेल का? तालुक्यातल्याच दोघी-तिघी मुली मिळून खोली घेतील का? सरकारी वसतिगृह आणि नोकरी करणाऱ्या महिलांसाठी असलेलं 'सखी निवास' यांचीही चौकशी करा. सिबिल खराब म्हणून जादा अनामत कबूल करायची घाई करू नका.

४. करारनामा नोंदवाच
महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५ सांगतं की करार लेखी हवा आणि नोंदणीकृत हवा. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. त्याने नोंदणी केली नाही आणि वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. नोंदणी ऑनलाइनही होते. फी शहरी भागात १,००० आणि ग्रामीण भागात ५०० रुपये, मुद्रांक शुल्क वेगळं. खर्च कोण करणार ते आधी ठरवा.

सही करण्याआधी चार गोष्टी वाचून घ्या: भाडं, अनामत, ती परत कधी व काय वजा करून मिळणार, आणि सोडण्याआधी किती दिवस कळवायचं. पैसे बँकेतून द्या. रोख दिले तर पावती घ्या. मुदत संपल्यावर करार वाढवा नाहीतर खोली सोडा. तसंच राहिलं तर कलम २४ प्रमाणे दुप्पट रक्कम भरावी लागू शकते.

५. सिबिलही सुधारा
प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळतो. फेडलेलं कर्ज बाकी दिसतंय का ते तपासा. चूक असेल तर लेखी तक्रार करा. ३० दिवसांत निकाल लागला नाही, तर पुढे दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम रिझर्व्ह बँकेने केला आहे. 'सेटलमेंट' करून कमी पैसे भरले तर नोंदीत तसंच दिसतं, म्हणून जमत असेल तर पूर्ण फेड करा आणि नो ड्यूज दाखला जपून ठेवा. पैसे घेऊन सिबिल लगेच वाढवून देतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. खरी नोंद कुणालाच पुसता येत नाही. वेळेवर भरलेल्या हप्त्यांनीच गुण हळूहळू वाढतात.

पुढच्या बैठकीत बोलूया
१. आपल्या गटातून यंदा शहरात कुणाकुणाला खोली लागणार आहे?
२. अनामतीसाठी अंतर्गत कर्ज द्यायचं तर रक्कम आणि हप्ता किती ठेवायचा?
३. ओळखपत्राचा मसुदा कोण लिहिणार?

ठराव करून इतिवृत्तात नोंद घ्या. प्रवेश जून-जुलैत सुरू होतात, तयारी आधीच झालेली बरी.