ती डिस्क रिकामी नव्हती

लग्नाचे फोटो हा माझा धंदा. म्हणूनच कॉम्प्युटर जुळवून घेताना ४ टीबीच्या दोन डिस्क मदरबोर्डच्या रेडवर मिरर (रेड १) करून घेतल्या होत्या, म्हणजे दोन्हींवर तोच डेटा. पंखा आवाज करू लागला म्हणून मशीन दुकानात दिलं. परत न्यायला गेलो तर मालक कौतुकाने म्हणाले, "साहेब, तुमची एक डिस्क वायाच चालली होती. फॉरमॅट करून चालू करून दिलीय."

माझ्या पायाखालची जमीन सरकली.

झालं असं, की साफसफाई करताना त्यांनी बायोसचा सेलही बदलला. मदरबोर्डवरचा रेड बायोसच्या एका सेटिंगवर आणि विंडोजमधल्या ड्रायव्हरवर चालतो. सेल काढताच ते सेटिंग रेडवरून एएचसीआयवर, म्हणजे सुट्या डिस्कच्या पद्धतीवर गेलं. विंडोज उघडेना, तर मला एक फोन न करता नवं विंडोज टाकून मोकळे. दोन्ही डिस्कची ओळख तंतोतंत एक, म्हणून विंडोजने त्यातली एक ऑफलाइन ठेवली. ती हुबेहूब प्रत असल्याची खूण होती. यांनी तीच पुसली.

तरीही एक प्रत शाबूत होती. आधी ती दुसऱ्या डिस्कवर उतरवा, मग मिररचं बघा, असं मी बजावून सांगितलं. "दोन मिनिटांचं काम आहे," म्हणत त्यांनी रेडचा मेनू उघडला आणि दोन्ही डिस्क निवडल्या. निवडलेल्या डिस्कवरचा सगळा डेटा जाईल, हा इशारा मोठ्या इंग्रजी अक्षरांत पडद्यावर आला. मी "थांबा" म्हणेपर्यंत त्यांनी 'वाय' दाबलं होतं. वर मलाच विचारतात, "बॅकअप नव्हता का?"

रिकव्हरीवाल्याने बरेच फोटो काढून दिले, पण फाइलींची नावं आणि फोल्डर गेले. नवरा-नवरीचे चेहरे बघून एकेक लग्न वेगळं करत बसलो. पैसेही मीच भरले. बर्कलेच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी रेडवरचा निबंध १९८८ मध्ये प्रसिद्ध केला. इतक्या जुन्या गोष्टीची माहिती दुकान थाटणाऱ्याला नको?

मशीन दुरुस्तीला देण्याआधी डेटाच्या डिस्क काढून घरी ठेवा. बायोसमधल्या रेडच्या पानाचा फोटो काढा, त्यात डिस्कचे सिरियल नंबर दिसतात. सेल बदलला किंवा बायोस अपडेट केलं, तर विंडोज सुरू होण्याआधी सेटिंग पुन्हा रेडवर न्या. रेडची माहिती डिस्कवरच लिहिलेली असते, त्यामुळे जुना मिरर बहुधा आपणहून दिसतो. नवा बनवायची गरज नसते. डिस्क काढता आल्या नाहीत, तर मशीन ताब्यात घेताना तिथेच आकार बघा. ४ टीबीच्या दोन डिस्कचा मिरर विंडोजमध्ये ३.६३ टीबीचा एकच ड्राइव्ह दिसतो. तसे दोन दिसले, किंवा दुसरी डिस्क ऑफलाइन दिसली, तर मिरर तुटलाय. एकच ७.२७ चा दिसला तर कुणीतरी स्ट्राइप केलंय, म्हणजे डेटा दोन्हींवर विभागलाय आणि एक डिस्क गेली की सगळंच गेलं. विंडोजने 'इनिशियलाइज' विचारलं तर नाही म्हणा. वेगळ्या डिस्कवर बॅकअप तर हवाच.

आणि पावतीवर 'रेड १, डिस्कना हात लावू नये' असं दुकानदाराच्याच हस्ताक्षरात लिहून घ्या. माझ्या पावतीवर नुसतं 'सर्व्हिसिंग' होतं, आणि भरपाई मागितली तेव्हा त्यांनी तेवढाच शब्द पुढे केला.