यकृताचें रक्षण करणाऱ्या वनस्पती

अन्नांतून, पाण्यांतून किंवा श्वासावाटे शरीरांत शिरलेल्या विषाचें रूप पालटून तें बाहेर घालविण्याचें काम मुख्यत्वें यकृतास करावें लागतें. शेतकऱ्याचा विषाशीं संबंध नित्याचा. फवारणीचीं औषधें, बुरसलेलें धान्य व पेंड, आणि गुरांच्या बाबतींत रानांत माजलेली घाणेरी हीं सर्व यकृतावरच घाला घालूं शकतात. यास्तव कोणत्या वनस्पतींचा अर्क यकृताचें रक्षण करतो व किती करतो, याचा विचार आम्ही येथें करीत आहों.

प्रथम विषाकडे पाहूं. भुईमूग व मका ओलसर राहिल्यास त्यांवर अस्परजिलस जातीची बुरशी चढते व अफ्लाटॉक्सिन नांवाचें विष निर्माण करते. इ. स. १९६० मध्यें इंग्लंडांत एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले. त्यांच्या खाद्यांतील ब्राझीलच्या भुईमुगाच्या पेंडींत हेंच विष निघालें. इ. स. १९७४ मध्यें पंचमहाल व बांसवाडा या जिल्ह्यांत बुरसलेला मका खाल्ल्यानें कावीळ होऊन शंभरांवर माणसें दगावलीं. घाणेरीच्या पाल्यांतील विषानें गुरांस कावीळ होते, व उन्हांत त्यांची कातडी सोलवटून निघते.

आतां अर्काची परीक्षा कशी होते तें पाहूं. प्रयोगशाळेंत उंदरांस कार्बन टेट्राक्लोराइड देतात. यकृत त्याचें रूप पालटावयास जातें, परंतु त्यांतून अधिकच दाहक द्रव्य उत्पन्न होऊन पेशींचीं आवरणें फाटतात, व पेशींतील पाचकद्रव्यें रक्तांत उतरतात. ज्या उंदरांस अर्क दिला असेल त्यांच्या रक्तांत तीं कमी आढळलीं, तर अर्कानें रक्षण केलें असें मानतात. येथें वाचकांनीं एक गोष्ट नीट ध्यानांत ठेवावी: अशा पुष्कळ प्रयोगांत अर्क विषाच्या आधीं दिलेला असतो. आधीं दिलेल्या अर्कानें रक्षण झालें, एवढ्यावरून विष भिनल्यावर तो गुण देईल असें सिद्ध होत नाहीं.

या परीक्षेंत उतरलेल्या वनस्पतींत हिमालयांतील कुटकी व आपल्याकडील ओलें किराईत अर्थात् काळमेघ हीं प्रसिद्ध आहेत. युरोपांतील सिलिबम या काटेरी झुडपाच्या बियांपासून सिलिमरीन काढतात. त्यांतील सिलिबिनिन विषारी अळंबी खाल्लेल्या रोग्यांस शिरेवाटे देण्याचा प्रघात तिकडे आहे. भुईआवळीविषयीं मद्रासच्या वैद्यकांनीं इ. स. १९८८ मध्यें ‘ब’ प्रकारच्या काविळीच्या वाहकांवर आशादायक अनुभव प्रसिद्ध केला. परंतु इतरत्र झालेल्या प्रयोगांत तसाच गुण सर्वत्र आला नाहीं.

भुईआवळी तर आपल्याच शेतांत पावसाळ्यांत तण म्हणून उगवते. मात्र तिच्या सारख्या दिसणाऱ्या जाती अनेक आहेत व त्यांची भेसळ सर्रास होते. फायलँथिन हें द्रव्य ज्या अमारस जातींत विपुल असतें, तिचें खोड हिरवट व फळ गुळगुळीत आणि आखूड देठाचें असतें. युरिनारिया जातीचें खोड तांबूस व फळ खरबरीत, जवळजवळ बिनदेठाचें असतें. लागवड करणाऱ्यानें बीं अत्यंत बारीक असल्यानें तें वाळूंत मिसळून गादीवाफ्यावर पेरावें व रोपें पावसाळ्यांत लावावींत. द्रव्य मुख्यतः पानांत असल्यानें झाडें हिरवीं व पानांनीं भरलेलीं असतांनाच काढून सावलींत वाळवावींत. पानें गळूं दिलीं तर हातीं नुसत्या काड्या उरतात.

वनस्पतीचें औषध म्हणजे निरुपद्रवी, ही समजूत मात्र सोडली पाहिजे. इ. स. २०२० मध्यें मुंबईंतील कांहीं रुग्णांस गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताचा दाह झाल्याची नोंद डॉक्टरांनीं केली. तिच्या कारणाविषयीं वाद झाला; तथापि चुकीची वेल, अधिक मात्रा किंवा आधींचाच विकार यांपैकीं कांहींही घातक ठरूं शकतें, हें उघड आहे. काविळीच्या रोग्यास गांवठी मुळी देऊन आठवडा दवडणें हें तर जिवाशीं खेळणें होय. त्याचें रक्त तपासून कावीळ कोणत्या प्रकारची आहे हें आधीं ठरलें पाहिजे.

सारांश, खरें रक्षण शेतांत व कोठारांतच होतें. भुईमुगाच्या शेंगा हलविल्यावर दाणे खुळखुळेपर्यंत वाळवाव्या. बुरसलेली पेंड दुभत्या जनावरास घालूं नये, कारण तिचें विष दुधांतही उतरतें. घाणेरी मुळासकट उपटावी. ती खाल्लेलें गुरूं ताबडतोब सावलींत बांधून पशुवैद्यास बोलवावें. फवारणी करतांना हातमोजे व तोंडावर फडकें असावें, आणि हात धुतल्यावांचून भाकरीस स्पर्श करूं नये. इतकें केल्यावर भुईआवळीचा वाफाही अवश्य लावावा. पण औषध म्हणून तिचा उपयोग जाणत्या वैद्याच्या सल्ल्यानेंच करावा.