अर्णानाच्या खळ्यावरील देवदूत

शास्त्रभाग : १ इतिहास २१; ताडून पाहण्यासाठीं २ शमुवेल २४.

देवदूत म्हटला म्हणजे बहुधा बेथलेहेमच्या मेंढपाळांस आनंदाची वार्ता सांगणारा दूत आपल्या डोळ्यांपुढें उभा राहतो. ह्या पाठांतील दूताच्या हातांत उपसलेली तरवार आहे. म्हणून पुष्कळ शिक्षकबंधु हा अध्याय मंडळींत वाचावयास कचरतात; आम्हीही तो कित्येक वर्षें टाळीत होतों.

दावीद राजानें यवाबाकडून लोकांची गणती करविली. यवाबासारख्या कठोर सेनापतीसही तें रुचलें नाहीं. काम नऊ महिने वीस दिवस चाललें, आणि मग राजाचें मन त्यास टोंचूं लागलें. गाद द्रष्ट्यानें त्याच्यापुढें तीन शिक्षा ठेविल्या : दुष्काळ, शत्रूंपुढें तीन महिने पळ, किंवा तीन दिवस मरी. माणसांच्या हातीं सांपडण्यापेक्षां दयाळू परमेश्वराच्या हातीं पडणें दाविदास बरें वाटलें. मरींत सत्तर हजार माणसें पडलीं.

आतां खळ्याकडे चला. खळें म्हणजे काय हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. अर्णान हा यबूसी, इस्राएलाबाहेरचा मनुष्य; तो आपल्या चार पुत्रांसह गहूं मळीत होता. दूतास पाहून पोरें लपलीं. येथें घटनांचा क्रम नीट पाहावा. परमेश्वरानें दूताचा हात आधीं आवरिला. दाविदाची विनवणी, वेदी व होमबलि हीं सर्व मागाहून आलीं. दया कोणीं विकत घेतली नाहीं. तथापि तरवार लागलीच म्यानांत गेली नाहीं. वेदीवर स्वर्गांतून अग्नि उतरल्यावर मग ती गेली. आणि वेदी बांधावयास दाविदानें जावें, हा निरोप गादास कोणीं दिला? त्याच तरवार धरलेल्या दूतानें.

पूर्वीं पटकीची साथ आली म्हणजे गांवकरी मरीआईचा गाडा शिवेपलीकडे नेऊन सोडीत. पुढें तो शेजारच्या गांवाचा प्रश्न. आमच्या वडीलधाऱ्यांनीं तें भय भोगिलें आहे. ह्या अध्यायांत मात्र कोणी दूतास नैवेद्य दाखवीत नाहीं. तो चाकर आहे. धन्यानें थांब म्हटलें कीं थांबतो. प्रकटीकरणाच्या शेवटल्या अध्यायांत योहान दूताच्या पायां पडूं लागला, तेव्हां दूतानेंच त्यास मना केलें.

एका गांवीं एका माउलीनें आम्हांस विचारिलें, “पाळकसाहेब, माझें लेकरूं तापानें गेलें, तेव्हां दारांत तोच तरवारवाला उभा होता काय?” आम्हांस लागलीच बोलवेना. मग आम्हीं लूक १३ उघडून शिलोहाच्या बुरुजाखालीं चिरडलेल्या अठरा जणांविषयीं वाचिलें. ते इतरांहून अधिक पापी होते, हें येशूनें साफ नाकारिलें. ज्या दारांत शास्त्र दूतास उभा करीत नाहीं, तेथें त्यास उभा करण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. शिक्षकबंधूंनीं प्रेतक्रियेच्या वेळीं हें विशेष सांभाळावें. ह्या मेंढरांनीं काय केलें, असें दाविदानेंही विचारिलें होतें, आणि शिक्षा आपणावर व आपल्या घराण्यावर यावी असें मागितलें होतें. त्याच्या प्रश्नास ह्या अध्यायांत शब्दांनीं उत्तर नाहीं. वेदी बांध, एवढीच आज्ञा आहे.

अर्णान जागा, बैल व लांकडें फुकट देत होता. दाविदानें तीं घेतलीं नाहींत. त्या जागेसाठीं त्यानें सहाशें शेकेल सोनें तोलून दिलें. (शमुवेलांत खळें व बैल यांबद्दल पन्नास शेकेल रुपें असें आहे.) तेथेंच, मोरिया डोंगरावर, पुढें शलमोनानें मंदिर बांधिलें. मोरिया हें नांव उत्पत्ति २२ मध्येंही आहे. तेथें इसहाकावर सुरी उगारलेली असतां हांक मारून अब्राहामाचा हात थांबविणारा दूतच होता.

पुढील पाठ : उत्पत्ति १९, रेंगाळणाऱ्या लोटाचा हात धरणारे दूत. वाचकांनीं तो अध्याय आधीं वाचून ठेवावा.