एका बोटानं दाखवा

श्रावणात तुळशीला पाणी घालून परतताना पायरीवरच्या शेवाळावरून पाय सटकला आणि मी पायरीच्या कडेवर दाणकन आपटले. डोळ्यांपुढे काजवे चमकले.

नंतर जो विचारेल त्याला मी "कंबर दुखतेय" एवढंच सांगत राहिले. खरी कळ होती नितंबांच्या फटीत, पार टोकाला. पण घरात मामंजी, दवाखान्यात पुरुष डॉक्टर, सांगायचं कसं? त्यांनी मी सांगितलं तिथलाच एक्स-रे काढला. कंबर ठणठणीत निघाली. मग गोळ्या, पट्टा आणि उताणं झोपून करायचे व्यायाम. त्यात नेमकं तेच हाड जमिनीवर दाबलं जायचं. दोन महिने असे वाया गेले.

शेवटी एका डॉक्टरबाईंनी म्हटलं, "एका बोटानं जागा दाखवा." मी दाखवली, त्यांनी हलकंच दाबलं आणि मी किंचाळले. माकडहाड!

त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. कंबरेचे मणके 5, सुटे. त्यांच्या मधे चकत्या. त्याखाली 5 मणके जुळून झालेलं त्रिकोणी हाड, त्रिकास्थी. त्याच्या टोकाला माकडहाड : बहुधा 4 चिमुकले मणके, पुढे वळलेले. मज्जारज्जू त्याच्या बराच वर, कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशीच संपतो. पण ओटीपोटाचा तळ तोलून धरणारे स्नायू या हाडाला बांधलेले असतात, म्हणून शौचाला कुंथतानाही जीव जायचा. मागे रेलून बसलं की भार माकडहाडावर येतो. किंचित पुढे झुकलं की तो बैठकीच्या दोन हाडांवर जातो. मी मात्र दोन महिने मऊ सोफ्यात रेलून 'आराम' करत होते!

मागच्या बाजूला खाच असलेली, पाचरीसारखी उतरती उशी घेतली. उठताना आधी पुढे वाकायचं, मग उभं राहायचं. पोट साफ राहील असं खायचं. हाड बसवून देणाऱ्याकडे जायचं नाही. हळूहळू उतार पडला. बहुतेकांना काही आठवड्यांत, नाहीतर काही महिन्यांत पडतोच.

बायकांमध्ये हे दुखणं पुरुषांपेक्षा जास्त आढळतं, आणि लाजून गप्प बसणाऱ्याही आपणच. तेव्हा जागा स्पष्ट सांगा. आणि बसण्याच्या जागेला बधिरपणा आला, पायातली शक्ती गेली, लघवी अडली किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर ते दुखणं माकडहाडाचं नाही. खालच्या मज्जातंतूंवर दाब आलेला असू शकतो. सकाळची वाट पाहू नका, त्याच घटकेला रुग्णालय गाठा.