सेन्सरचा पहारा आणि विजेचा हिशेब



पानिपत म्हटले की मराठी माणसाला १४ जानेवारी १७६१ हा दिवस आठवतो. लढाईच्या आधीच मराठ्यांच्या छावणीची रसद तुटली होती आणि उपाशी सैन्याला मैदानात उतरावे लागले, हे आपण इतिहासात शिकतो. आज त्याच पानिपतच्या परिसरात कोळशावर चालणारे औष्णिक वीज केंद्र आहे. म्हणजे घरातल्या दिव्यामागेही रसद असतेच. अशा केंद्रात एक युनिट वीज तयार करायला साधारण ६०० ते ७०० ग्रॅम कोळसा जळतो.

ही रसद वाचवण्यासाठी अनेक घरांत मोशन सेन्सरचे बटण बसवतात. माणूस आला की दिवा लागतो, गेला की थोड्या वेळाने विझतो. पण त्याने प्रत्येक ठिकाणी बचत होते का? हिशेब करून पाहू.

सेन्सर माणूस कसा ओळखतो?

आपल्या शरीरातून उष्णतेचे अवरक्त किरण सतत बाहेर पडतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत. सेन्सरवरची पांढरी टोपी म्हणजे अनेक छोटी भिंगे असतात. ती समोरच्या जागेचे पट्टे पाडतात. आत उष्णता टिपणारे दोन भाग असतात. माणूस एका पट्ट्यातून दुसऱ्यात गेला की दोन्ही भागांवर पडणाऱ्या किरणांत फरक पडतो आणि दिवा लागतो. हा संत्री स्वतः काही सोडत नाही, फक्त टेहळणी करतो.

यातून तीन गोष्टी लक्षात ठेवा. एक, समोरून आडवा जाणारा माणूस त्याला चटकन कळतो. सरळ त्याच्याकडे येणारा उशिरा कळतो. दोन, स्थिर बसलेला माणूस त्याला कळत नाही. तीन, उन्हाळ्यात भिंती व हवा शरीराइतक्याच तापल्या की फरक कमी होतो आणि सेन्सर चुकू शकतो. पानिपतच्या मे-जूनमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा हा अनुभव येतो.

हिशेब

१,००० वॅट-तास म्हणजे एक युनिट. समजा, जिन्यातला ९ वॅटचा एलईडी दिवा रात्रभर, म्हणजे १० तास जळतो.

सेन्सर नसताना : ९ × १० = ९० वॅट-तास रोज.

सेन्सर असताना दिवा एकूण एकच तास जळला, तर ९ वॅट-तास. पण संत्रीलाही शिधा लागतो! सेन्सर स्वतः अर्धा वॅट घेतो असे धरू : ०.५ × २४ = १२ वॅट-तास. एकूण २१.

रोजची बचत ६९ वॅट-तास, वर्षाची सुमारे २५ युनिट. म्हणजे १५ किलोहून अधिक कोळसा वाचला. युनिटला ७ रुपये धरले तर सुमारे १७५ रुपये. सेन्सर ४०० रुपयांना पडला, तर सव्वादोन वर्षांत पैसे वसूल.

आता न्हाणीघर घ्या. तिथला दिवा रोज अर्धा तास विसरून चालू राहतो. वाया गेली ४.५ वॅट-तास वीज. सेन्सर मात्र १२ खाणार. इथे सेन्सर बसवणे तोट्याचे. हाताने बटण बंद करण्याची सवयच बरी.

आणि जिन्यात अजून ६० वॅटचा जुना बल्ब असेल, तर आधी तो बदला. नुसत्या त्या बदलाने रोज ५१० वॅट-तास वाचतात.

कुठे बसवावा, कुठे नको

जिना, व्हरांडा, गॅरेज, फाटकाजवळची वाट येथे बसवावा. अभ्यासाच्या खोलीत नको. तुम्ही शांत वाचत बसाल आणि दिवा विझेल. गिझर, एसी किंवा उन्हात हलणारा पडदा यांच्यासमोरही नको.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे घरात आजी-आजोबा असतील तर वेळ कमी ठेवू नका. सावकाश चढणाऱ्या आजीचा पाय मधल्या पायरीवर असताना अंधार झाला, तर वाचलेल्या वर्षभराच्या विजेला काय अर्थ? आधी त्यांना जिना चढायला किती वेळ लागतो ते मोजा, त्याच्या दुप्पट वेळ लावा आणि जिन्याच्या दोन्ही टोकांची हालचाल टिपली जाते का ते तपासा.

जोडणी वायरमनकडूनच करून घ्या, तीही मेन स्विच बंद करून.

सुट्टीतील स्वाध्याय

घरातील प्रत्येक दिव्याचे वॅट आणि तो विनाकारण जळण्याचे तास सात दिवस वहीत लिहा. गुणाकार १२ वॅट-तासांपेक्षा बराच जास्त आला, तरच त्या जागी सेन्सरचा विचार करा. तक्ता आई-वडिलांना दाखवा आणि निर्णय मिळून घ्या. बाकीच्या दिव्यांचा पहारा तुमच्याकडे.